तिची आई मलावीत वारली तेव्हा

मुलांनो,

गेल्या वर्षी एका व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलं होतं, "आजी, सोफा कुठे गेला?" मी म्हटलं होतं, "बाल्कनीत आहे, नंतर सांगते." ते सांगायचं राहूनच गेलं. रविवारच्या कॉलवर सगळ्यांनाच थोडं थोडं बोलायचं असतं, आणि सोफ्याची गोष्ट थोडक्यात सांगता येण्यासारखी नाही. म्हणून लिहून काढते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे.

तुमचे आजोबा गेल्यावर मागची खोली रिकामी झाली. मी तिथे रोज केर काढत होते, दर आठवड्याला चादर बदलत होते, आणि त्या चादरीवर कोणी झोपत नव्हतं. मला रडू आलं नव्हतं. भेटायला येणारी माणसं म्हणायची, टीचर किती खंबीर आहेत. खंबीर वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं सगळं होतं. भाजी चिरत होते, पेपर वाचत होते, पेन्शनच्या कामाला बँकेत जात होते.

अशा वेळी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता मीरा रोडच्या एका नर्सिंग कॉलेजात व्हाइस प्रिन्सिपल आहे. "टीचर, आमच्या होस्टेलात जागा नाही. आफ्रिकेतली मुलगी आहे, स्कॉलरशिपवर आली आहे, शेवटचं वर्ष. तुमच्याकडे खोली आहे ना?" मी हो म्हटलं. विचार करून म्हटलं असं नाही. नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं.

सोसायटीत कुजबुज झालीच. सेक्रेटरी वर येऊन म्हणाले, "टीचर, माझं काही नाही हो, पण लोक विचारतात." मी विचारलं, "काय विचारतात?" ते म्हणाले, "तेच." मी म्हटलं, "तेच म्हणजे काय ते त्यांना लिहून द्यायला सांगा, मी उत्तर देते." कोणी लिहून दिलं नाही. पण लिफ्टमध्ये ती शिरली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई बाहेर येऊन जिन्याने जायच्या. ती हे पाहायची आणि त्यांच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवायची. तरीही त्या जिन्यानेच जायच्या.

मुलगी मलावीची. तिथे मोठं तळं आहे, आणि तिचं गाव त्या तळ्याच्या काठावर. उंच, सावकाश बोलणारी. मला 'अगोगो' म्हणायची, त्यांच्या भाषेत आजी. चहाचा कप देताना गुडघे टेकून दोन्ही हातांनी द्यायची. मी म्हटलं, इथे हे करायची गरज नाही. ती म्हणाली, "येस, अगोगो," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघे टेकले. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. तिला मराठी येत होतं ते सगळं वॉर्डातलं. 'दुखतंय का', 'श्वास घ्या', 'कुशीवर वळा'. पाहुण्यांसमोर माझ्याशी मराठीत बोलायची तिला मोठी हौस. तुमच्या आत्याच्या सासूबाई आल्या होत्या, तेव्हा बाहेर येऊन तिने हसतमुखाने विचारलं, "अगोगो, संडास झाली का?" त्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

एका गुरुवारी सकाळी ती हॉलमध्ये युनिफॉर्मला इस्त्री करत होती. फोन वाजला. ती त्यांच्या भाषेत थोडं बोलली, बरंचसं ऐकलं, आणि फोन ठेवला. कॉलरवरची इस्त्री पूर्ण केली. मग मला म्हणाली, "माझी आई वारली." दूध आलं म्हणून सांगावं, तशा आवाजात.

मी म्हटलं, "बस." ती म्हणाली, "रिक्षा चुकेल." आणि युनिफॉर्म घालून ड्युटीला गेली. मी तिला अडवलं नाही. मलाही तुमचे आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी गॅस सिलेंडर बुक करायचा होता, तो मी केला होता. त्यामुळे मला त्यात वावगं दिसलं नाही.

वॉर्डातल्या सिस्टरांना दुपारी कळलं. त्यांनी तिला एका मैत्रिणीबरोबर घरी पाठवलं, आणि मागोमाग व्हाइस प्रिन्सिपलचा फोन आला. "टीचर, तिला विश्रांती घेऊ द्या. पण सोमवारी सकाळी ती वॉर्डात हवी. तिचे क्लिनिकलचे तास आधीच काठावर आहेत, मध्ये मलेरिया झाला होता ना. सोमवारी नाही आली तर मला परीक्षेला बसवता येणार नाही, आणि वर्ष गेलं की स्कॉलरशिप गेली. मी एवढंच ताणू शकते."

घरी जायचा प्रश्नच नव्हता. तिच्या मामांनी फोनवरच सांगितलं होतं, उद्या पुरणार, तू पोचणार नाहीस, येऊ नकोस, शिकून ये. म्हणजे आता एकच काम उरलं होतं, सोमवारी तिला उभं करायचं. ते माझ्याकडे आलं होतं, आणि कामं नीट करायची मला सवय आहे.

मी काय केलं ते सांगते. तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं. कामवाल्या बाईंना सांगितलं, त्या खोलीत जायचं नाही, भांड्यांचा आवाज करायचा नाही. थर्मासमध्ये पेज भरून दाराशी ट्रे ठेवला. समोरच्या गुजराती बेन दार वाजवून "क्या हुआ, तबियत ठीक नहीं?" म्हणाल्या, त्यांना मी हळू आवाजात सांगितलं आणि म्हटलं, "तिला एकटीला राहू द्या." त्या लगेच मागे सरल्या. "हां हां, आराम करने दो." कॉलेजने विश्रांती दिली, मी विश्रांती दिली, बेननी विश्रांती दिली. दुःखात माणसाला एकांत द्यावा, हे मला शाळेपासून इतकं बरोबर वाटत आलं आहे की ते कुठे शिकले हेही आठवत नाही.

शुक्रवारी दुपारी तिने आईला पुरताना फोनवर पाहिलं. बंद दारामागून मला बायकांचं गाणं ऐकू येत होतं, पुष्कळ बायका, मध्येच आवाज तुटायचा आणि पुन्हा जोडला जायचा. मग तुटला तो जोडला गेला नाही. मी बाहेर खुर्चीवर बसून होते. आत जावं असं वाटलं नाही.

पेज तशीच परत येत होती. रडण्याचा आवाज नव्हता. दारावर टकटक केलं की "आय ॲम फाइन, अगोगो." मध्येच ती बाहेर यायची, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून बी.पी. घ्यायची, आकडा मोठ्याने सांगायची आणि आत जायची. थोड्या वेळाने पुन्हा यायची. माझं बी.पी. इतक्यांदा कोणीच घेतलं नसेल. मी दंड पुढे करत राहिले. एकदा दार किंचित उघडं होतं तेव्हा पाहिलं, पलंगावरची चादर हॉस्पिटलसारखी चारी कोपरे दुमडून ताणलेली, आणि ती जमिनीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. त्या चादरीवर कोणी झोपलं नव्हतं. तशी चादर मला ओळखीची होती. तरी मी दार पुन्हा ओढून घेतलं.

शनिवारी सकाळी मी देवपूजा करून हॉलमध्ये आले तर सोफा नव्हता. टीपॉय नव्हता. दोन्ही तिने एकटीने बाल्कनीत नेऊन ठेवले होते. जमिनीवर आपली जुनी चटई, त्यावर ती बसलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. आणि घराचं दार सताड उघडं.

मी दार लावलं. आपल्याकडे खाडीवरून डास येतात, शिवाय फेरीवाले थेट आत डोकावतात. ती उठली, दार उघडलं, पुन्हा बसली. मी स्वयंपाकघरातून येऊन पुन्हा लावलं. तिने पुन्हा उघडलं. तिसऱ्या वेळी मी कडीला हात घातला, तेव्हा ती म्हणाली, "अगोगो, प्लीज. दार लावलं तर माणसं आत कशी येतील?"

"कुठली माणसं?"

"माणसं," ती म्हणाली. "गुरुवारपासून कोणीच आलं नाही. मी काही चुकीचं वागले का?"

मग तिने मला समजावून सांगितलं, वॉर्डात नवीन मुलीला सांगावं तसं, एकेक पायरी. त्यांच्याकडे घरात कोणी गेलं की बाहेरच्या खोलीतलं सामान हलवतात, कारण बायका येऊन जमिनीवर बसतात. आणि बसून राहतात. जेवतात तिथे, झोपतात तिथे. दुःखातल्या माणसाला एकटं कधी सोडत नाहीत. एकटं सोडतात ते फक्त ज्याच्याशी गावाने बोलणं टाकलं आहे त्याला. बंद खोलीत बसून तिने हाच विचार केला होता, की या बिल्डिंगने तिच्याशी बोलणं टाकलं आहे. लिफ्टमध्ये व्हायचं ते तिला ठाऊकच होतं. ते आता पूर्ण झालं असं तिला वाटलं होतं.

मी कडीवरचा हात काढला.

आपल्याकडेही काही वेगळं नसतं, मुलांनो. तुमचे आजोबा गेले तेव्हा हे दार तेरा दिवस उघडं होतं, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. माणसं मेली तिथे आपण जातो. ही बाई मेली मलावीत, म्हणून इथल्या दारात चपला आल्या नाहीत, एवढंच. आणि हे लिहिताना मला एक विचारायचं आहे. आजोबा इथे गेले तेव्हा तुम्ही तिकडे होतात, परीक्षा होत्या, मीच म्हटलं येऊ नका. तिकडे तुमच्या दारात कोणी आलं होतं का? मी कधी विचारलं नाही. पुढच्या रविवारी सांगा.

त्या दिवशी मात्र मला दुसरं काही सुचलं नाही. मी चष्मा लावला, काठी घेतली आणि माणसं बोलवायला निघाले. आपल्यात दुःखाला कोणी बोलावत नाही. ज्याचं त्याने यायचं असतं. बारशाचं, मुंजीचं, हळदीकुंकवाचं बोलावणं मी पुष्कळ केलं आहे. हे कसं करायचं मला माहीत नव्हतं.

समोर बेनकडे गेले. म्हटलं, "संध्याकाळी माझ्याकडे बसायला याल का? मुलीच्या आईसाठी."

"लेकिन टीचर, बॉडी तो उधर है ना?"

"काल पुरलं."

"तो फिर बैठना किसके लिए?"

"तिच्यासाठी."

बेननी डोक्यावरचा पदर सारखा केला. "आज शनिवार छे," त्या म्हणाल्या. "शनिवारे आपण कोणाच्या घरी भेटायला नाय जाता, टीचर. दुःख डबल होतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पण ती तो ख्रिस्ती आहे ना? त्यांच्यात शनिवार चालतो?"

"त्यांच्यात सगळे वार चालतात," मी म्हटलं. मला नक्की माहीत नव्हतं.

सेक्रेटरींना सांगितलं, तर ते लगेच उत्साहात आले. मोबाइल काढला. "ग्रुपवर टाकतो. शोकसभा म्हणू की प्रार्थनासभा?"

"काही म्हणू नका. बसायला या, एवढंच लिहा."

"टीचर," ते आवाज खाली आणून म्हणाले, "नुसतं 'बसायला या' टाकलं तर पुरुष मंडळी वेगळंच समजतील."

शेवटी त्यांनी काय लिहिलं ते नंतर मी पाहिलं. 'टीचरच्या घरी राहणाऱ्या मुलीची आई वारली. महिलांनी संध्याकाळी भेटायला यावे. चपला जिन्यात शिस्तीत काढाव्यात.'

मग रिक्षा करून गावात गेले, माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे. तुम्ही त्यांना लहानपणी घाबरायचात. आपली मिठागरं होती त्या काळात तिथल्या मजुरांवर त्या ओरडायच्या, तो आवाज अजून तसाच आहे. दारातच म्हणाल्या, "काय गो, येवढ्या उन्हान?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी तू मयताचा आवतान देत फिरतेस?"

"हो."

"सत्तर वर्सांत असा कदी आयकला न्हाय." आणि मग, "पोर जेवली का?"

"गुरुवारपासून नाही."

"आन तू काय करत व्हतीस?"

"दार लावत होते," मी म्हटलं.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन सुनेला पिठलं टाकायला सांगितलं.

संध्याकाळी बायका आल्या. जाऊबाई पिठलंभाताचा डबा घेऊन, बेन, दोन-तीन पहिल्या मजल्यावरच्या, आणि सगळ्यात शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई, दाराच्या अगदी जवळ, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर बसल्या. मुलीने गुडघे टेकून प्रत्येकीला नमस्कार केला. बायका भांबावल्या. नमस्कार लहानांनी मोठ्यांना करायचा हे बरोबर, पण मयताच्या घरी करायचा की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग सगळ्या गप्प बसल्या.

गप्प बसणं जाऊबाईंना जमत नाही. त्यांनी आपल्याकडे विचारतात तेच विचारलं. "कशान गेली गो तुजी आय?"

तुमच्या आजोबांच्या वेळी हाच प्रश्न मला येणाऱ्या प्रत्येकाने विचारला होता. कशाने गेले, आधी काही होतं का, शेवटी कोण जवळ होतं. मला ते रानटी वाटलं होतं. मी सगळ्यांना एकच वाक्य सांगायचे आणि विषय बंद करायचे.

मी तिला प्रश्न इंग्रजीत सांगितला. ती ताठ बसली आणि ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला सांगतात तसं सांगू लागली. वय, जुना रक्तदाब, गोळ्या अनियमित, श्वास लागणं, पायांना सूज, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, उशीर झाला होता. मी मराठीत सांगत गेले. सांगताना माझाही आवाज तसाच सपाट होता.

"सूज कदीपासून व्हती?" जाऊबाईंनी विचारलं.

ती म्हणाली, "मामांनी काल सांगितलं, सहा महिन्यांपासून. मला कोणी कळवलं नाही. मी शिकत होते म्हणून." तिने हात मांडीवर ठेवले. "मी दर रविवारी फोन करत होते. आई खुर्चीत बसून बोलायची, चांगला कपडा घालून. मी तिला विचारायची, बरी आहेस? ती म्हणायची, बरी आहे. फोनमध्ये फक्त तोंड दिसतं, अगोगो. मी वॉर्डात रोज सगळ्यांचे पाय दाबून बघते. तिला एकदा म्हटलं असतं, फोन खाली धर, तर मला कळलं असतं."

मी हे मराठीत सांगितलं. कोणी 'अरेरे' म्हटलं नाही.

"न्हाय सांगत," जाऊबाई म्हणाल्या. "माजा भाऊ दुबईला व्हता, आमी बापाचा न्हाय सांगितला. आपल्यात न्हाय सांगत."

"हमारे में भी नहीं बताते," बेन म्हणाल्या.

दारातून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "माझ्या मुलाला मी अजून सांगितलं नाहीये. गाठीचं." बेन जराशा सरकल्या आणि त्यांना चटईवर जागा करून दिली. त्या आत येऊन बसल्या.

त्यानंतर बोलणं सुरू झालं. आई काय करायची? तळ्यातली लहान मासळी वाळवून बाजारात विकायची. हे ऐकून जाऊबाई पुढे सरकल्या. "म्हंजी आपल्या उत्तनच्या कोलनींसारका! बांबूवर वालवतात का वालूत?" ती म्हणाली, बांबूच्या उंच मांडवावर. "पावसात काय करतात? मीठ लावतात का?" थोडं लावतात. "थोडा लावून कसा चालंल, वास मारंल." शेवटी बेन कळवळून म्हणाल्या, "अरे बहेन, मच्छी का बात बाद में करो ना, मी इथे बसलेय." जाऊबाई म्हणाल्या, "तुला कोन खा बोलतंय?"

मुलगी हे सगळं पाहत होती. हसली नाही. पण पिठलंभात पुढे ठेवला तो तिने खाल्ला, हाताने, गोळे करून, सावकाश, सगळा. मग बायका आपलं आपलं बोलू लागल्या. पाण्याचा टँकर, लिफ्टचं मेंटेनन्स, कोणाच्या तरी नातवाला हाटकेशच्या कारखान्यात लागलेली नोकरी. बोलणं चालू असताना तिचं डोकं कलत कलत जाऊबाईंच्या मांडीवर गेलं. ती झोपली होती.

दुःखाच्या घरून निघताना आपण निरोप घेत नाही, नुसतं उठून जातो. पण उठणार कसं? बायका बसूनच राहिल्या. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "माजा पाय मेला."

"हलवा ना जरा," बेन म्हणाल्या.

"हलवू कसा? जागी व्हईल ती."

मयताच्या घरी चहा घेत नाहीत. बेननी आपल्या घरून करून आणला. त्यावर थोडी चर्चा झाली. "आनलाच हाय तर दे," जाऊबाई म्हणाल्या. दिवेलागण झाली तरी कोणी उठलं नाही. मी दिवा लावला आणि त्यांच्यात जाऊन बसले. माझे गुडघे दुखत होते. बाकी काही वाटत नव्हतं.

रविवारीही बायका आल्या, तिच्या कॉलेजच्या मुली आल्या. त्या दिवशीच तुम्ही कॉल केला होता. ती जेवली, झोपली, रडली नाही.

सोमवारी सकाळी युनिफॉर्म घालून, केस बांधून ती तयार झाली. मला हायसं वाटलं. मग ती चटईवर जाऊन बसली. खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. मी म्हटलं, "निघ." ती म्हणाली, "हो." आणि उठली नाही. व्हाइस प्रिन्सिपलचा फोन वाजला, मी उचलला, म्हटलं, ती निघते आहे. पुन्हा हॉर्न.

"काय झालं?" मी विचारलं.

"अजून दिवस व्हायचे आहेत, अगोगो. मी गेले तर चटई रिकामी राहील. कोणी आलं तर?"

आजी म्हणून किंवा टीचर म्हणून मला बरंच काही म्हणता आलं असतं. परीक्षा, वर्ष, तिच्या आईची इच्छा. हे सगळं तिला माहीत होतं, म्हणूनच तिने युनिफॉर्म घातला होता. मी काठी भिंतीला टेकवली, भिंतीचाच आधार घेत खाली वाकले आणि तिच्या शेजारी बसले. खाली बसायला मला फार वेळ लागतो, तोवर रिक्षावाल्याने आणखी दोनदा हॉर्न दिला. बसल्यावर म्हटलं, "मी आहे इथे. तू येईपर्यंत उठणार नाही. जा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाय लांब करायला सांगितलं, गुडघ्याखाली उशी सरकवली, आणि गेली. दार उघडंच ठेवून गेली.

दिवसभर मी तिथे बसले. उठणार नाही म्हटलं होतं तरी दोनदा उठावं लागलं, तेवढ्यापुरतं बेन बसल्या. माणसं आली. जी पहिल्यांदाच आली त्यांनी मला विचारलं, कशाने गेल्या? मी सांगितलं. श्वास लागायचा, पायांना सूज होती, मुलीला कोणी कळवलं नव्हतं. वय? सांगितलं. जवळ कोण होतं? भाऊ होता. विषय बंद केला नाही. कोणी आणखी विचारलं तर आणखी सांगितलं. एक बाई डोळे पुसत होत्या. माझे डोळे कोरडे होते, पण पाणी प्यायला मधेच थांबावं लागलं.

संध्याकाळी ती आली. पूर्ण ड्युटी करून, तास भरून. बूट बाहेर काढले, हात धुतले, युनिफॉर्म न बदलता माझ्या शेजारी चटईवर बसली. वॉर्डाचं काही बोलली नाही. विचारलं, "कोण कोण आलं?"

मी सांगू लागले. बेन दोनदा आल्या. जाऊबाईंनी सुनेला पाठवलं, त्यांचा पाय अजून दुखतो आहे. पहिल्या मजल्यावरच्या दोघी. सेक्रेटरींची बायको. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दुपारी येऊन पुष्कळ वेळ बसल्या, तिची वाट पाहत होत्या, कुठल्याशा तपासणीचा कागद तिला दाखवायचा आहे म्हणाल्या, उद्या पुन्हा येतील. प्रत्येक माणसाला ती मान हलवत होती. मी संपवलं, तेव्हा म्हणाली, "परत एकदा सांगा." मी पहिल्यापासून परत सांगितलं.